नडगीवरच्या दोन थापा

आबा, त्या दिवशी तुम्ही थाप दिली होती, सोड म्हणून. एकदा नाही, दोनदा, माझ्या डाव्या पायाच्या नडगीवर, डाव्या हाताच्या उघड्या तळव्याने. तुम्ही गुडघ्यावर होतात, तुमची पाठ लोकांकडे होती आणि तुमचं उजवं मनगट माझ्या दोन्ही हातांत होतं, त्यामुळे ते कुणाला दिसलं नाही. दिसलं ते एवढंच, की मुलीने बापाचा हात पिळला, बाप हटून बसला आणि हात मोडला. पुढे सगळ्या दिल्लीत, म्हणजे आपल्या त्या एवढ्याशा दिल्लीत, हेच पसरलं की सुभेदारसाहेबांनी मुलीसमोर थाप द्यायला कमीपणा मानला. तुम्ही स्वतःच तसं सांगितलंत. डॉक्टरला सांगितलंत, आयोजकाला सांगितलंत, आईला सांगितलंत. मी शेजारी उभी राहून ऐकत होते. तुम्हाला जाऊन आता एकोणीस वर्षं झाली आणि मी अजून कुणाला खरं सांगितलेलं नाही. निदान तुम्हाला तरी सांगावं म्हणून बसले आहे, आणि तुम्हाला तर ते आधीपासूनच माहीत आहे. म्हणजे बघा, किती सोपं काम निवडलं आहे मी.

तुम्ही मला पहिला लॉक, म्हणजे सांधा अडकवायचा डाव, शिकवलात तो कँटोन्मेंटच्या क्वार्टरमध्ये, स्वयंपाकघरात. आई पोळ्या लाटत होती. मी नऊ-दहा वर्षांची, शाळेत एक मुलगा वेणी ओढतो अशी माझी तक्रार होती. "माझी बाही धर," तुम्ही म्हणालात. मी धरली. पुढे काय झालं ते मला कळलंच नाही. तुमची दोन बोटं माझ्या मनगटावर आली आणि मी पिठाच्या डब्याशेजारी खाली बसलेली होते. दुखलं नव्हतं, नुसतं उभं राहता येईना. आई म्हणाली, "अहो, पोरगी आहे ती, रिक्रूट नाही." तुम्ही हसलात. जवानांना हातघाईची लढाई शिकवणारे उस्ताद होतात तुम्ही, पलटणीतली दांडगी पोरं तुमच्यापुढे उभी राहायला टरकायची, आणि घरात पाटावर उकिडवे बसून मला समजावत होतात की जोर लावायचा नसतो, सांधा ज्या बाजूला वळत नाही त्या बाजूला त्याला फक्त रस्ता दाखवायचा, बाकीचं समोरचा स्वतःच करतो. मग नियम सांगितलात. सहन होईना झालं की मोकळ्या हाताने थाप द्यायची, जमिनीवर, अंगावर, जिथे हात पोहोचेल तिथे. आणि थाप पडली की सोडायचं. "विचार नाही करायचा. खरंच लागलंय की नाटक करतोय, बघत बसायचं नाही. थाप म्हणजे सोड." त्या एका संध्याकाळी मी तुम्हाला वीस-पंचवीसदा थाप दिली असेल आणि दर वेळी तुमची बोटं उघडली. सुखाचे दिवस होते ते आपले, आता वाटतं.

पेन्शनीत आल्यावर तुम्ही गावी गेला नाहीत. माझं कॉलेज होतं, आणि दिल्लीच्याच टोकाला, द्वारकेत, माजी सैनिकांच्या सोसायटीत फ्लॅट लागला होता. तेव्हाची द्वारका आठवते? मेट्रो नव्हती, पाणी टँकरने यायचं, लिफ्टच्या खड्ड्यात कबुतरं राहायची, आणि सेक्टरचा नंबर सांगितला तरी ऑटोवाला "उधर तो जंगल है" म्हणून निघून जायचा. पण पलीकडे गुडगावात काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, मुली कंपनीच्या गाड्यांतून कामाला जात होत्या आणि त्यांच्या आईबापांच्या जिवाला घोर लागला होता. त्या घोरावर एका गृहस्थाने धंदा काढला. कमरेला मोबाइल अडकवून फिरणारा तो आयोजक तुम्हाला कुठल्याशा मेळाव्यात भेटला. "सर, क्लास मत बोलिए. सेमिनार बोलिए," हे त्याचं पहिलं वाक्य. क्लास म्हणजे सहा महिने घाम. सेमिनार म्हणजे रविवारचे तीन तास, पाच लॉक, चहा-समोसा आणि शेवटी सर्टिफिकेट. तुम्ही घरी येऊन म्हणालात, "तीन तासांत माणूस नीट पडायलासुद्धा शिकत नाही." तरी हो म्हणालात. घरी बसून पेपर वाचणं तुम्हाला झेपत नव्हतं. मग दर रविवारी आपण दोघं स्कूटरवरून निघायचो, कधी मयूर विहारच्या सोसायटीचा हॉल, कधी आर. के. पुरमचं समाज सदन, कधी गुडगावच्या कंपनीचं कँटीन. खाली टेंटवाल्याच्या लग्नातल्या गाद्या. त्यांना पनीरचा आणि अत्तराचा वास यायचा, आणि माझी ती दोन वर्षं त्या वासात तोंड खुपसून गेली.

कारण ज्याच्यावर लॉक दाखवायचा ते अंग माझं होतं. कँटोन्मेंटच्या शिंप्याकडून तुम्ही माझ्यासाठी जाड कापडाचं जाकीट शिवून आणलंत, दोन मापं मोठं. "वाढशील अजून," म्हणालात; मी वीस वर्षांची होते. त्याच्या बाह्या दुमडून मी तुमच्यासमोर उभी राहायची, तुम्ही माझं मनगट धरून वळवायचात, मी गुडघ्यावर यायची, थाप द्यायची. आणि तुम्ही सोडायचा नाहीत. हे मला नीट लिहायचं आहे, कारण तुमच्या ते कधी ध्यानातही आलं नसेल. हॉलमधल्या परक्या माणसाने नुसतं बोट हलवलं तरी तुमची पकड सुटायची. माझ्या थापेनंतर मात्र तुम्ही मान वर करायचात आणि लोकांना सांगायला लागायचात, "देखिए, कोहनी नीचे, अंगूठा यहाँ, अब यहाँ से बंदा कहीं नहीं जा सकता." तेवढं एक वाक्य. त्याला चार-पाच सेकंद लागत असतील. त्या चार-पाच सेकंदांत मी गादीची शिवण बघायची आणि पुन्हा थाप द्यायची, पुन्हा द्यायची. एकदा परत येताना सिग्नलला मी म्हणाले, "आबा, थाप दिल्यावर सोडत जा ना." तुम्ही मागे न बघता म्हणालात, "लोकांना लगेच सोडायचं. तू घरची आहेस. तुला लगेच सोडलं तर त्यांना दिसणार काय?" बोलण्यात राग नव्हता. उलट मान दिल्यासारखं म्हणालात. आणि घरी आल्यावर तव्यावर मीठ गरम करून, फडक्यात बांधून, माझं मनगट तुम्हीच शेकत बसायचात. आईला हात लावू द्यायचा नाहीत.

मग ती टायपिंगची परीक्षा. गुडगावातल्या एका कंपनीच्या पहिल्या दोन फेऱ्या मी पार केल्या होत्या आणि सोमवारी शेवटची फेरी होती, कॉम्प्युटरवर टायपिंगची. माझा वेग चांगला होता, कॉलेजात माझ्याइतकं भरभर कुणी टाइप करत नसे. आदल्या दिवशी सेमिनार. मी म्हणाले, "आबा, या रविवारी मी नाही." तुम्ही म्हणालात, "पोस्टर लागलंय. माझ्यासमोर उभं कोण राहणार, तुझी आई?" मी आले. त्या दिवशी गर्दी जास्त होती, मागच्यांना दिसत नव्हतं, म्हणून तुम्ही प्रत्येक लॉक तीन-तीनदा दाखवलात आणि ते वाक्यही तीन-तीनदा म्हटलंत. सोमवारी सकाळी माझ्या उजव्या हाताची बोटं एकमेकांपासून लांब होईनात. त्या थंडगार खोलीत मी कीबोर्डवर हात ठेवले आणि अर्ध्या पानावर वेळ संपली. घरी येऊन रडत रडत सांगितलं, तर तुम्ही माझं मनगट उलटसुलट करून बघितलंत. "दुखतंय म्हणजे लॉक बरोबर बसला होता," म्हणालात. नोकरीबद्दल एक शब्द नाही. तुम्हाला विषय हसण्यावारी न्यायचा होता, दुसरं काही बोलायला तुम्हाला सुचत नव्हतं, असं मला आता वाटतं. तेव्हा मी तुमचा इतका द्वेष केला की मला स्वतःचीच भीती वाटली. पुढचे दोन आठवडे मी तुमच्याशी कामापुरतं बोलत होते. तुमच्या ते लक्षातही आलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी पुन्हा गुडगाव, एका कंपनीचं कँटीन. समोर साठेक मुली, गळ्यात ओळखपत्रं, माझ्याच वयाच्या. मला जी मिळाली नाही तसल्याच नोकरीतल्या. चहाच्या सुट्टीत आयोजक तुमच्या कानाशी लागला. "सर, हर बार आप ही बिटिया को गिराते हो. एक बार बिटिया आपको लॉक करे. मैडम लोगों को भरोसा आएगा." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. आपण असं कधी केलं नव्हतं, घरीसुद्धा नाही. "करशील?" "करीन." "मग बोलायचंही तूच. खाली बसल्यावर मी कसा बोलणार?" मी तुमचा हात धरते. तुमचं मनगट इतकं रुंद आहे की माझे अंगठे जेमतेम एकमेकांना टेकतात. मी कोपर खाली घेते, तुम्ही शिकवलंत तसं, वळवते, आणि तुम्ही खाली येता. खरंच येता, नाटक न करता. तुमचा तोल गेलेला मला हातात कळतो. मुली टाळ्या वाजवतात. माझ्या नडगीवर थाप पडते. मला ती कळते, आबा. पँटच्या कापडातून तुमच्या तळव्याची ऊब कळते. आणि मी मान वर करते आणि म्हणते, "देखिए, कोहनी नीचे, अंगूठा यहाँ." दुसरी थाप. "अब यहाँ से बंदा कहीं नहीं जा सकता." खणखणीत आवाजात, शब्दन् शब्द तुमचा, एकही न गाळता. जोर मी लावला नाही, हेही खरं आहे. पण सुटायला म्हणून तुम्ही अंग वळवलंत आणि मी सोडलेलं नव्हतं, आणि शेवटच्या शब्दाला हाड गेलं. आवाज बारीक होता, पहिल्या रांगेतल्या मुलींनाच ऐकू गेला असेल.

आयोजकाच्या गाडीतून तुम्हाला दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता, त्याने मला विचारलं, "इन्होंने टैप नहीं किया था?" मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "नहीं किया. अपनी बच्ची के आगे कौन फौजी टैप करता है, डॉक्टर साहब? गलती मेरी है." आयोजक हसला, डॉक्टरही हसला. नंतर प्लास्टर वाळेपर्यंत आपण दोघंच बाकावर बसलो होतो. मी खाली फरशीकडे बघत होते. तुम्ही समोरच्या भिंतीकडे बघत म्हणालात, "बोललीस छान. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं असेल." बस्स. त्या दोन वाक्यांनी मला इतकी वर्षं किती छळलं आहे ते तुम्हाला सांगत नाही. कधी वाटतं तुम्ही माफ केलंत. कधी वाटतं, जन्मभर बोचत राहील असं काहीतरी मोजून माझ्या पदरात टाकलंत. आणि कधी वाटतं तुम्हाला खरंच एवढंच म्हणायचं होतं की आवाज चांगला होता. उस्ताद होतात ना.

मनगट जुळलं, पण सरळ झालं नाही. पंजा खाली झुकलेलाच राहिला. सेमिनार बंद झाले. ज्या उस्तादाचा हात त्याच्या पोरीने मोडला त्याच्याकडून कोण शिकणार? आयोजकाने दोन महिन्यांत परदेशी सर्टिफिकेटवाला एक तरणाबांड माणूस शोधून काढला. जुनी फौजी मंडळी घरी यायची आणि थट्टा करायची, "क्या सूबेदार साहब, बेटी से भी टैप नहीं?" तुम्ही हसायचात. मग तुम्ही गुडगावातल्या एका इमारतीच्या फाटकावर सिक्युरिटीत लागलात. तिथे साहेबांच्या गाड्यांना सलाम करावा लागे. सलामाला मनगट सरळ लागतं, बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत एक रेघ; शाळेच्या परेडसाठी तुम्हीच मला ते शिकवलं होतं. तुमचा पंजा कपाळापाशी जाऊन लोंबायचा. एकदा मी तुमचा डबा घेऊन आले होते. तुमच्या निम्म्या वयाचा एक मॅनेजर काच खाली करून म्हणाला, "अंकल, सलाम ठीक से किया करो, मक्खी उड़ा रहे हो क्या?" तुम्ही "जी सर" म्हणालात आणि पुन्हा केलात. मी झाडामागे थांबले, गाडी आत गेल्यावर पुढे आले. तुम्ही डबा घेतलात आणि विचारलंत, भाजी काय आहे. त्या वर्षीपासून सव्वीस जानेवारीला सोसायटीत झेंडा लागायचा तेव्हा तुम्ही "ड्युटी आहे" म्हणून सकाळीच घराबाहेर पडायला लागलात. ड्युटी नसायची, आईने चौकशी केली होती.

सांगायचा प्रयत्न मी एकदाच केला, द्वारकेच्या स्वयंपाकघरात, आईसमोर. तुमच्या उजव्या हातात भाकरी मोडण्याइतका जोर राहिला नव्हता, म्हणून आई तुमची भाकरी कुस्करून द्यायची, लहान मुलाला देतात तशी. कुस्करता कुस्करता ती म्हणाली, "दिली असती एक थाप तर काय बिघडलं असतं? मेला तो मान." मी म्हणाले, "आई, आबांनी त्या दिवशी..." "जेव," तुम्ही म्हणालात. आवाज चढला नव्हता. "आबा, मला सांगू द्या तिला." "जेव म्हटलं ना. जे झालं ते हॉलमध्ये झालं. ते घरात आणायचं नाही." आईने आपल्या दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि पुन्हा ताटात मान घातली. तिला कळलं होतं का? ती जाईपर्यंत मी विचारलं नाही. तुम्ही मला पाठीशी घातलंत असं कुणीही म्हणेल. मला मात्र घुसमटायला झालं. माझी चूक तुम्ही उचलून स्वतःच्या अंगावर घेतलीत आणि मला माफी मागायला जागाच ठेवली नाहीत. मी मुलगी होते तुमची, मला ओरडायला हवं होतं, दोन थोबाडीत द्यायला हव्या होत्या. चार वर्षांनी एका थंडीत, धुक्याच्या सकाळी, फाटकाजवळच्या खुर्चीत बसल्या बसल्या तुम्ही गेलात. मी तेव्हाही काही बोलले नाही. बोलायला समोर कुणी नव्हतं आणि लोक खूप होते.

आता मी काय करते ते ऐका. आठवडाभर शाळेत पीटी शिकवते आणि रविवारी सेमिनार घेते. हो, सेमिनारच. हॉलला एसी असतो, गाद्यांऐवजी रंगीत फोमचे चौकोन असतात, द्वारकेहून नोएडाला मेट्रोने जाते. बायका येतात, कॉलेजच्या मुली येतात, आणि सगळ्या थाप द्यायला लाजतात. दुखतंय हे कबूल करायची त्यांना सवयच नाही. हसत हसत सहन करतात आणि मनगट सुजवून घेतात. पहिल्याच सेमिनारला एकीचा हात मोडता मोडता राहिला. मी घाबरून सगळ्यांना खाली बसवलं आणि माझ्या तोंडून गोष्ट निघाली. "एक फौजी उस्ताद थे. बहुत बड़े उस्ताद. एक दिन उनकी अपनी स्टूडेंट ने लॉक लगाया और उन्होंने टैप नहीं किया. ईगो में. हाथ टूट गया. फिर ज़िंदगी भर ठीक से सलाम नहीं कर पाए." त्यानंतर प्रत्येकीने वेळेवर थाप दिली. तेव्हापासून दर सेमिनारची सुरुवात मी त्या गोष्टीने करते. तिच्यामुळे किती जणींचे हात शाबूत राहिले असतील, हे मी स्वतःला पटवत असते. एकदा पुढे बसलेल्या एका बाईंनी विचारलं, "मैम, वो उस्ताद आपके कौन थे?" मी म्हणाले, "थे कोई, कैंट में." आणि पुढच्या लॉककडे वळले.

खरं सांगून टाकायचं असं कितीदा ठरवलं. पण ते सांगितल्यावर पुढचं वाक्य काय, आता तुमचा हात माझ्या हातात द्या? कोण देईल? बरं, सोडायला मी शिकले आहे, इतकी शिकले आहे की कधीकधी थाप पडायच्या आधीच माझी पकड सुटते आणि मुली म्हणतात, "मैम, लॉक लगा ही नहीं." तुम्हाला हे अजिबात आवडलं नसतं. हे कागद मी कपाटातल्या कपड्यांखाली सरकवून ठेवीन, कधीतरी फाडूनही टाकीन. परवा रविवार आहे, मयूर विहारचा हॉल घेतला आहे, चाळीस जणी येणार आहेत आणि मी तीच गोष्ट सांगणार आहे. एवढं मात्र कबूल करते, आबा. इतक्या वेळा सांगून ती आता मला खरीच वाटायला लागली आहे, आणि "उन्होंने टैप नहीं किया" इथे आले की मला मनापासून तुमचा राग येतो.